टीव्ही टांगण्याआधी भिंत ओळखा

नवा टीव्ही घरी पोचला की एक-दोन दिवसांत कंपनीचा माणूस येतो. खोकं उघडतो, पेन्सिलने चार खुणा करतो, भोकं पाडतो, टीव्ही टांगतो, सही घेतो आणि पुढच्या पत्त्यावर निघतो. दिवसभरात त्याला अशी बरीच घरं उरकायची असतात, त्यामुळे घाई समजण्यासारखी आहे. अडचण अशी की त्याच्या पिशवीत ड्रिल एक, बिट एक, आणि भोकात स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या खोक्यातून आलेल्या त्याच चार. भिंत मात्र दर घरात वेगळी. ती कशाची आहे हे त्याला माहीत नसतं आणि विचारायला वेळही नसतो. म्हणून तो यायच्या आधीच हे काम घरच्यांनी करून ठेवलेलं बरं.

टीव्ही पडला, जळला किंवा करंट लागला, तर दोष बहुतेक वेळा टीव्हीत नसतो. तो भिंतीत, वायरिंगमध्ये किंवा गच्चीवरून आलेल्या केबलमध्ये असतो. त्यामुळे इथे टीव्हीबद्दल कमी आणि त्याच्या आजूबाजूबद्दल जास्त लिहिलं आहे.

भिंत कशाची आहे

टीव्ही जिथे लावायचा आहे तिथे बोटाच्या पेराने वाजवा. भरीव ‘ठक’ आला तर वीट किंवा काँक्रीट. पोकळ, ढोलक्यासारखा आवाज आला तर जिप्सम बोर्ड, प्लायचं पॅनल किंवा सुटलेला गिलावा. खात्री करायची तर ब्रॅकेटच्या मागे झाकलं जाईल अशा जागी एक बारीक भोक पाडून भुकटी बघा. आधी गिलाव्याची राखाडी किंवा पीओपीची पांढरी भुकटी येते, ती मोजायची नाही. त्यानंतर लाल आली तर वीट. बिट अजिबात आत जाईना आणि बारीक राखाडी धूळ आली तर काँक्रीट. बिट साबणात शिरावा तसा सरकन आत गेला आणि पांढरट, हलकी भुकटी आली तर सिपोरेक्सचा, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटचा ब्लॉक.

विटेची भिंत सगळ्यात सोपी, पण तिथेही एक चूक नेहमी होते. गिलावा १२ ते २० मिमी जाड असतो आणि तो वजन धरत नाही. खोक्यातली गिट्टी असते साधारण ४० मिमी. म्हणजे जवळजवळ निम्मी गिट्टी गिलाव्यातच अडकून राहते आणि विटेत जेमतेम दोन-अडीच सेंमी जाते. ३२ इंची टीव्हीचं वजन ४-५ किलो, तो यावरही टिकून जातो. ५५ इंचीचं वजन १३ ते १८ किलो, तिथे हा जुगार नको. नऊ इंची भिंत असेल तर १०×८० ची (१० मिमी जाड, ८० मिमी लांब) नायलॉन गिट्टी आणि ९० मिमी खोल भोक. आतली चार इंची भिंत असेल तर ८×६० ची गिट्टी आणि ७० मिमी भोक. त्याहून खोल गेलात तर पलीकडच्या खोलीतला गिलावा फुटतो. भोक नेहमी गिट्टीपेक्षा सेंटिमीटरभर खोल हवं, कारण तळाशी भुकटी साठते. ती फुंकून किंवा जुन्या टूथब्रशने काढल्याशिवाय गिट्टी पूर्ण बसत नाही, वर राहिलेलं टोक मग हातोडीने ठोकलं जातं आणि गिट्टी चेपते. विटेऐवजी सांध्यात भोक आलं, म्हणजे लाल भुकटी येता येता मध्येच राखाडी यायला लागली, तर तिथे थांबा. ब्रॅकेटला लांबट खाचा त्याचसाठी दिलेल्या असतात. दोन-तीन सेंमी बाजूला सरका.

पुण्या-मुंबईच्या गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या इमारतींत सिपोरेक्स खूप आहे. या ब्लॉकला हॅमर मोड बिलकूल चालत नाही. ठोके बसले की भोक कडेने ढासळून मोठं होतं आणि गिट्टी आत नुसती फिरत राहते. ड्रिल साध्या फिरत्या मोडवर ठेवायचं, बिट गिट्टीच्या मापापेक्षा एक नंबर लहान घ्यायचा. गिट्टीही या ब्लॉकसाठी बनवलेली, मोठ्या पाकळ्यांची किंवा आट्यांची, किमान ८० मिमी लांब. काँक्रीटला चालणारा लोखंडी फुगणारा बोल्ट इथे उलटा मारक ठरतो: तो जितका आवळावा तितका भोवतालचा ब्लॉक चुरडतो. टीव्ही ५५ इंचांहून मोठा असेल तर भोकात रेझिन भरून बसवायचे केमिकल अँकर वापरा. रेझिन भरल्यावर ट्यूबवर छापलेला वेळ पाळायचा, त्याआधी नट आवळायचा नाही. इन्स्टॉलेशनवाला तेवढा वेळ थांबणार नाही हे गृहीत धरून हे काम आदल्या दिवशी करून ठेवावं.

मायवान म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधायची पद्धत, तशा टॉवरमध्ये सगळ्या भिंती काँक्रीटच्या. पकड उत्तम, पण साध्या ड्रिलने तासभर झटूनही भोक होत नाही आणि बिट जळतो. रोटरी हॅमरच लागतो. भोक पडता पडता एकदम अडलं आणि धातूचा चकाकता चुरा दिसला तर आत सळई आहे, जोर न करता बाजूला सरका. विटेच्या भिंतीत वायरीचे पाइप स्विचबोर्डपासून सरळ वर-खाली किंवा सरळ आडवे जातात, त्यामुळे बोर्डाच्या उभ्या आणि आडव्या रेषेत भोक पाडू नये एवढा नियम पुरतो. मायवानमध्ये पाइप काँक्रीट ओतायच्या आधीच सळयांना बांधलेले असतात आणि ते तिरकेही गेलेले असू शकतात. तिथे भिंतीतली वायर ओळखणारा डिटेक्टर फिरवूनच खूण करा, आणि काहीही असो, भोक पाडताना त्या खोलीचा एमसीबी खाली. ड्रिलला लाइट दुसऱ्या खोलीतून घ्या.

कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीत त्रास वेगळा. जांभा सच्छिद्र असतो, त्यात मऊ-कठीण असे थर असतात, बिट मऊ बाजूला वळतो आणि गोल भोक लांबोडकं होतं. साधी गिट्टी तिथे पहिल्या दिवशी घट्ट वाटते आणि पुढे सैल पडते. लांब गिट्टी आणि रेझिन, किंवा भिंतीवर आधी १८ मिमीची जाड प्लाय सहा-आठ ठिकाणी पक्की करून त्यावर ब्रॅकेट, हे दोन उपाय टिकतात. दुसरा दिसायला जाड दिसतो, पण वजन पसरून जातं, म्हणून मला तोच बरा वाटतो.

जिप्समच्या पार्टिशनवर नुसत्या बोर्डाच्या भरवशावर टीव्ही टांगायचा नाही, फुलपाखरी गिट्टी कितीही वजनाची सांगितलेली असली तरी. मागे लाकडी किंवा लोखंडी चौकट हवी आणि स्क्रू तिच्यात जायला हवेत. सुताराने केलेल्या टीव्ही युनिटचं पाठचं पॅनल प्लायचं असेल आणि ते स्वतः भिंतीला पक्कं असेल तर चालेल. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असेल तर पॅनलला आरपार भोक पाडून मागच्या भिंतीतच अँकर घ्या.

ओल येणाऱ्या भिंतीवर, विशेषतः पावसाचा झोत येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर, टीव्ही लावूच नका. पोपडे उडालेल्या गिलाव्यात स्क्रू गंजतात आणि टीव्हीच्या पाठीमागची हवा कायम दमट राहते.

ब्रॅकेट, स्क्रू आणि उंची

टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात, त्यांच्यातल्या अंतराला व्हेसा माप म्हणतात: १००×१००, २००×२००, ४००×४०० मिमी वगैरे. ब्रॅकेट घेताना हे माप आणि वजन दोन्ही बघायचं, ‘४३ इंचापर्यंत’ एवढ्यावर जाऊ नका. पाठचे स्क्रू एम४, एम६ किंवा एम८ असतात. लांबी चुकली की भानगड होते. आखूड स्क्रू दोन-तीन आट्यांवर लटकतो. जास्त लांब स्क्रू आत जाऊन सर्किटला किंवा पॅनलच्या पाठीला टेकतो. उदबत्तीची काडी भोकात घालून खोली मोजा, त्यात ब्रॅकेटच्या पट्टीची जाडी मिळवा, आणि त्याहून दोन-तीन मिमी कमी लांबीचा स्क्रू घ्या. हाताने आवळा. इथे ड्रिल मशीन लावून स्क्रू फिरवणाऱ्याला थांबवा.

भिंतीला चिकटून बसणारं फिक्स्ड ब्रॅकेट आणि बाहेर ओढता येणारं हाताचं ब्रॅकेट यांत फरक किती पडतो हे एकदा हिशेबाने बघा. १५ किलोचा टीव्ही भिंतीपासून ५ सेंमीवर असेल आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंत २० सेंमी अंतर असेल, तर वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर ओढणारा जोर येतो १५ × ५ ÷ २०, म्हणजे पावणेचार किलो. तोच टीव्ही हात पसरून ५० सेंमी बाहेर आणला की १५ × ५० ÷ २०, म्हणजे साडेसदतीस किलो. दहापट. त्यात कुणी टीव्ही वळवताना खाली दाब दिला तर आणखी. हाताचं ब्रॅकेट काँक्रीटवर किंवा नऊ इंची पक्क्या विटेवरच शोभतं. सिपोरेक्सवर ते लावायचा हट्ट असेल तर केमिकल अँकरशिवाय नको.

ब्रॅकेट लागल्यावर टीव्ही चढवायच्या आधी ते दोन्ही हातांनी धरून खाली आणि स्वतःकडे जोरात ओढून बघा. टीव्हीच्या तिप्पट-चौपट वजन त्याने न हलता झेललं पाहिजे. कुठे कुरकुर झाली, गिलाव्याला केसासारखी चीर पडली, तर तो स्क्रू काढून नव्याने करा. पाणसळ ब्रॅकेटवर ठेवून बघायची, टीव्हीवर नाही.

उंचीबाबत आपल्याकडे टीव्ही सर्रास फोटोफ्रेमच्या उंचीवर लावतात. वर बघून मान दुखते ते वेगळंच, पण बऱ्याच एलईडी पॅनलमध्ये खालून बघितलं की रंगही फिके पडतात. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंमीवर येतात. पडद्याचा मध्य तिथे यावा. ४३ इंची पडदा कडांसकट साधारण ५६ सेंमी उंच असतो. म्हणजे मध्य १०५ सेंमीवर ठेवला तर खालची कड ७७ वर येते. घरात मंडळी खाली सतरंजीवर बसून बघत असतील तर आणखी १५-२० सेंमी खाली आणा. एक मेख मात्र लक्षात ठेवा: पाठीवरची व्हेसा भोकं बऱ्याच टीव्हीत बरोबर मध्यावर नसतात, खाली असतात. टीव्हीच्या खालच्या कडेपासून वरच्या भोकापर्यंतचं अंतर मोजून मगच भिंतीवर खूण करा.

अंतराचं गणित सोपं. ५५ इंच म्हणजे कर्ण १४० सेंमी. फोर-के बघायचं असेल तर त्याच्या दीडपट, दोन मीटरच्या आसपास. साधे केबलचे चॅनल जास्त बघत असाल तर दुपटीहून पुढे, नाहीतर चित्र फुटलेलं दिसतं. दहा फुटी हॉलमध्ये ७५ इंची घेऊन डोळे चोळत बसण्यात अर्थ नाही.

उचलताना दोन माणसं, दोन बाजूंनी, खालून आणि मागून. अंगठे पडद्यावर टेकवायचे नाहीत. मोठा टीव्ही कधीही आडवा पाठीवर ठेवून नेऊ नका; पडदा उभाच राहिला पाहिजे. ब्रॅकेटच्या पट्ट्या लावायला तो पालथा घालावा लागतो, तेव्हा गादीवर नको. गादी मध्ये खचते, कडा अधांतरी राहतात आणि पडदा वाकतो. सपाट टेबलावर खोक्यातला थर्माकोल किंवा फोम पसरा आणि त्यावर घाला. फुटलेला पॅनल वॉरंटीत बसत नाही आणि त्याची किंमत बहुतेक नव्या टीव्हीच्या जवळ जाते. त्यामुळे खोकं उघडण्यापासून पडदा पहिल्यांदा उजळेपर्यंत सलग व्हिडिओ काढा, आणि सही करण्याआधी पूर्ण पांढरा, लाल, हिरवा, निळा असे चार पडदे लावून बघा. पाऊस चालू असताना टेम्पोतून आलेला टीव्ही लगेच चालू करू नये. तास-दोन तास खोलीत तसाच राहू द्या, आत साचलेलं दव सुकतं.

खरा शत्रू: जास्त व्होल्टेज

टीव्हीच्या पाठीवरचं लेबल वाचा. त्यावर बहुतेक १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असतं. म्हणजे गावाकडे संध्याकाळी १६० व्होल्ट येतात त्याने टीव्हीचं काही बिघडत नाही. स्टॅबिलायझर ही जुन्या काळापासून चालत आलेली सवय आहे. कमी व्होल्टेजसाठी तो घ्यायची गरज आता राहिलेली नाही. (लेबलवरच बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नंबर असतो. बीआयएस केअर ॲपवर तो टाकून बघता येतो. स्वस्तातला अनोळखी ब्रँड घेत असाल तर जरूर बघा.)

टीव्ही मारतं ते जास्त व्होल्टेज, आणि ते येतं न्यूट्रल तुटल्यामुळे. इमारतीत किंवा डीपीवरून गावात तीन फेज येतात. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. मीटर रूममध्ये किंवा खांबावर न्यूट्रलचा जोड ढिला झाला, गंजला, तुटला, की दोन घरं एकापुढे एक अशी त्या ४०० व्होल्टवर टांगली जातात. ज्या घरात कमी उपकरणं चालू, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. अशा वेळी तुमच्याकडे दिवे एकदम लखलखतात, पंखा वेगाने पळतो आणि शेजारी मात्र दिवे मिणमिणतात. हे दिसलं की आधी मेन स्विच बंद, चौकशी नंतर.

आत काय होतं? टीव्हीचा पॉवर सप्लाय आलेल्या एसीचं डीसी करतो, आणि ते १.४१४ पट होतं. २३० चे ३२५ व्होल्ट. तिथला मोठा कपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. लाइनवर ३०० आले तर आत ४२४. ३८० आले तर ५३७. कपॅसिटर फुगतो, फ्यूज उडतो, कधी त्याच्यासोबत बाकीचंही जातं.

स्पाइक गार्ड यातून वाचवत नाही. त्यातला एमओव्ही नावाचा तुकडा सेकंदाच्या बारीकशा अंशापुरता आलेला उसळता दाब गिळतो. दाब सेकंदभर जरी टिकून राहिला तरी तो स्वतःच जळतो. शिवाय असे लहान धक्के खाऊन खाऊन तो आतून संपत जातो आणि पट्टीवरचा लाल दिवा मात्र लागलेलाच राहतो. घरासाठी खरा उपाय म्हणजे वितरण बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेपलीकडे, बहुधा २६०-२७० च्या वर, गेलं की तो लाइन तोडतो आणि परत सुरळीत झाल्यावर थोडं थांबून जोडतो. टीव्हीच्या किमतीच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ आहे, आणि फ्रिजही त्याच्याच आडोशाला येतो. तो बसवेपर्यंत एवढं करा: लाइट गेली की टीव्हीचा स्विच बंद, आणि आल्यावर दोन-तीन मिनिटं जाऊ द्या.

सॉकेटची जागा हाही नेहमीचा घोळ. फिक्स्ड ब्रॅकेटमध्ये टीव्हीमागे जेमतेम तीन सेंमी फट राहते आणि पिनेचा गोळा चार-पाच सेंमी बाहेर येतो. मग तो पाठीला टेकतो, पिन तिरकी होते, सैल बसते, आणि सैल पिन तापते. सॉकेट पडद्याच्या मागे पण ब्रॅकेटच्या बाजूला, आणि त्याचा स्विच मात्र हाताला येईल असा बाहेर ठेवून घ्या. टीव्हीची लवचीक वायर भिंतीत गाडायची नाही. सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआय केबलसाठी दीड इंची पाइप टाकून ठेवा, एल्बोऐवजी मोठं वळण द्या आणि आत एक सुतळी सोडून ठेवा. अर्ध्या इंची पाइपमधून एचडीएमआयचं डोकं जात नाही, हे गिलावा झाल्यावर कळून उपयोग नसतो.

आता टीव्हीला हात लागल्यावर बोटाला मुंग्या येण्याबद्दल. बरेच एलईडी टीव्ही दोन पिनांचे असतात. लेबलवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं, म्हणजे त्यांना अर्थिंगची गरज नाही. पण विजेतली बारीक गडबड दाबण्यासाठी आत लावलेल्या छोट्या कपॅसिटरमुळे पोर्टच्या धातूवर थोडा तरंगता करंट असतो. ओल्या हाताने एचडीएमआयच्या कडेला बोट लागलं की झिणझिणतं ते त्यामुळे. माणसाला यातून धोका नाही, पण पोर्टला आहे. टीव्ही आणि बॉक्स दोन्ही चालू असताना एचडीएमआय किंवा डिशची केबल खोचली की हा फरक त्या क्षणी पोर्टच्या चिपमधून वाहतो, आणि ‘कालपर्यंत चालत होतं’ म्हणत पोर्ट मरतो. म्हणून बोर्डावरून सगळ्यांचे स्विच बंद, मग केबल, मग लाइट. झिणझिणण्याऐवजी चांगला झटका बसत असेल तर तो टीव्हीचा विषय नाही. घरातलं वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येऊ नये. तीन पिनांचा प्लग असेल तर त्याची जाड पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसण्याचे उद्योग नकोत.

गच्चीवरून येणारी वीज

वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा जास्त होतात. वीज थेट घरावर पडायला हवी असं नाही. जवळ पडली तरी लांब तारेत दाब उसळतो. टीव्हीला अशा तारा निदान दोन जोडलेल्या असतात, लाइटची आणि डिशची. इंटरनेटची तांब्याची लॅन केबल असेल तर तीन. पिन काढली आणि डिशची केबल तशीच ठेवली तर अर्धंच काम झालं. इन्व्हर्टरवर टीव्ही लावून पाऊस बघत बसणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. त्याआधीच सगळं काढून ठेवलेलं हवं, वीज एवढी जवळ आल्यावर केबलला हात लावायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. विदर्भ-मराठवाड्यात तर ते प्रत्येक घरात असावं.

डिश बसवताना दिशेआधी वर बघा. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेवर आहे, महाराष्ट्रातून तो आग्नेयेला येतो, त्यामुळे तिकडे आंबा-नारळ आडवा नको. पण त्याहून महत्त्वाचं, गच्चीवरून जाणाऱ्या विजेच्या तारा. डिशचा लोखंडी पाइप उभा करताना तो तोल जाऊन ज्या ज्या बाजूला पडू शकतो तिथवर तार नसली पाहिजे. कौलांवर किंवा पत्र्यावर डिश नको, भिंतीला किंवा स्लॅबला हवी. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर भोकात न्या, आणि भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. नाहीतर पहिल्याच पावसात केबलवरून ओघळलेलं पाणी सरळ सेट-टॉप बॉक्समध्ये येतं. बाहेरच्या जोडावर रबरी टोपी हवी. नुसती काळी टेप दोन उन्हाळ्यांत सुटते.

घरातली पोरं, पाली आणि दिवाळीची साफसफाई

टीव्ही भिंतीवर न लावता टेबलावर ठेवणार असाल तर तो जास्त सुरक्षित असं समजू नका. लहान मूल असेल तर उलट आहे. आजचे टीव्ही पातळ, वरून जड आणि दोन बारीक पायांवर उभे असतात. ड्रॉवरच्या कपाटावर टीव्ही असेल तर पोर खालचा ड्रॉवर उघडून त्यावर पाय देतं आणि कपाटासकट टीव्ही अंगावर येतो. पाठीवरच्या वरच्या दोन व्हेसा भोकांतून नायलॉनचा पट्टा घेऊन भिंतीतल्या हुकाला ताणून बांधा, कपाटही भिंतीला स्क्रूने पक्कं करा, आणि रिमोट किंवा खेळणं टीव्हीच्या माथ्यावर ठेवू नका. मुलं चढतात ती त्यासाठीच. अडगळीत पडलेला जुना डबा टीव्ही याहून घातक: सगळं वजन काचेच्या बाजूला, पुढे. तो उंचावर नकोच.

वर आणि बाजूंना दहा सेंमी जागा मोकळी ठेवा. सुताराने केलेल्या घट्ट कोनाड्यात टीव्ही बसवला की मागची हवा कोंडते आणि आतल्या एलईडी पट्ट्या लवकर जातात. पडद्यावर एका बाजूला अंधार दिसायला लागतो तो त्याचा. टीव्हीखालच्या फळीवर देव्हारा, समई किंवा अगरबत्ती नको. गणपतीच्या दिवसांत माळा, टीव्ही, साउंडबार आणि मोदकांसाठीचं मिक्सर एकाच एक्स्टेन्शनवर लटकवण्याची पद्धतही सोडा.

उबेमुळे पाली आणि झुरळं पाठीच्या जाळीतून आत जातात, पॉवर सप्लायवर चिकटून मरतात आणि सेट बंद पडतो. जाळीवर कापड किंवा मच्छरदाणी लावून हवा अडवू नका. फटीत झुरळांचा स्प्रे तर मुळीच मारू नका, त्यातला वायू पेट घेणारा असतो. टीव्हीमागची भिंत महिन्यातून एकदा झाडून घेतली तरी फरक पडतो. पावसाळ्यात गावचं घर बंद असेल तर पिन काढून ठेवा. घर उघडं असेल तर दोन-चार दिवसांनी अर्धा तास टीव्ही चालू ठेवा, आतला दमटपणा जातो.

आणि साफसफाई. पडद्यावर खिडकीसारखी उघडी काच नसते, वर प्लास्टिकचं पातळ आवरण असतं. खिडक्या पुसायचं निळं लिक्विड त्यावर चरे आणि डाग पाडतं. त्याहून वाईट म्हणजे थेट पडद्यावर फवारा मारणं. पाणी ओघळून खालच्या कडेत उतरतं, आणि पुष्कळ पॅनलमध्ये तिथेच चित्राच्या उभ्या रेघा चालवणाऱ्या चिकटपट्टीसारख्या चिपा असतात. दिवाळीच्या तोंडावर ‘टीव्हीवर उभ्या रेघा आल्या’ म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या सेटमागे हे कारण बरेचदा निघतं. टीव्ही बंद करून, थंड झाल्यावर, कोरडं मायक्रोफायबर. डाग असेल तर कापडाला चार थेंब पाणी, पडद्याला नाही.

ओलेड टीव्ही घेतला असेल तर तो रिमोटने बंद केल्यावर लगेच बोर्डाचा स्विच पाडू नका; आत पडद्याची देखभाल आपोआप चालते तिला वेळ लागतो. साध्या एलईडीला ही अडचण नाही, रात्री खुशाल बोर्डावरून बंद करा.

जळका वास आला किंवा मागून धूर दिसला तर रिमोट शोधू नका. बोर्डाचा स्विच पाडा. तो टीव्हीमागे असेल तर सरळ एमसीबी. पाणी टाकायचं नाही. धूर वाढला तर घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, जाताना खोलीचं दार ओढून घ्या आणि १०१ वर फोन करा. धूर तिथेच थांबला तरी सेट परत चालू करून बघायचा नाही आणि पाठ तर उघडायचीच नाही: पिन काढल्यानंतरही त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ राहतात, आणि जुन्या डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर काही हजार व्होल्ट.